दोन भाषांतल्या प्रेमाला मराठी सबटायटल्स कशी द्यायची

इंग्रजी फाइल आधी उघडू नका. निर्मात्याकडून मेल येते, त्यात सिनेमाची लिंक, पासवर्ड आणि इंग्रजी सबटायटल्सची एसआरटी फाइल असते. हात आपोआप त्या फाइलकडं जातो, कारण तिथं सगळं शिजवून ठेवलेलं असतं. वेळा टाकलेल्या, ओळी तोडलेल्या, आपण नुसतं एकेक वाक्य मराठीत करत जायचं. तसं केलं तर काम चार दिवसांत उरकतं. माझं पहिलं काम मी तसंच उरकलं होतं, आणि आता ते कुठं लागलं की मी चहा ठेवायला आत जाते.

आधी सिनेमा बघा. खालची इंग्रजी ओळ चित्रावरच छापून आली असेल तर स्क्रीनच्या खालच्या बाजूला पुठ्ठा लावा. माझं सोलापुरात साखर पेठेत डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळं लग्नपत्रिकेचा जाड कागद हाताशी असतोच, तोच चिकटपट्टीनं लावते. मग वही घ्यायची आणि दोन रकाने पाडायचे: कोण बोललं, कोणत्या भाषेत बोललं. अर्थ कळला नाही तरी चालेल. पहिल्या वेळी अर्थ नकोच आहे आपल्याला.

हे मला सुचलं त्यात हुशारी काही नाही. आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर. घरात तेलुगू, शाळा मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी उर्दू. लहानपणी जिना चढताना वरून कोणत्या भाषेत आवाज येतोय त्यावरून कळायचं की घरात काय चाललंय. आई-वडील तेलुगूत बोलत असले तर सगळं ठीक. मराठीत असले तर कोणीतरी पाहुणा आलाय. वडील दखनीवर आले असतील तर यंत्रमागाच्या मालकाशी पैशावरून वाजलंय, आणि आपण खालीच थांबलेलं बरं. शब्द ऐकू यायच्या आधी भाषा ऐकू येते. दोन-तीन भाषांतल्या प्रेमाच्या सिनेमात दिग्दर्शक नेमकं हेच वापरतो, आणि इंग्रजी फाइलमध्ये नेमकं हेच गायब असतं, कारण तिथं सगळेच इंग्रजी बोलतात.

मी ज्या सिनेमावरून हे लिहितेय त्याचं नाव सांगता येत नाही, करारात तसं कलम आहे. भारत आणि इटली यांची सहनिर्मिती. आपला इटलीशी २००५ साली सहनिर्मितीचा करार झालाय. अशा करारात बसणारा सिनेमा दोन्ही देशांत घरचा धरला जातो, म्हणजे सवलती आणि अनुदानाची दारं दोन्हीकडं उघडतात. आपल्याला त्या हिशेबाशी देणंघेणं नाही. आपल्याला कळायचं ते एवढंच की पैसा दोन देशांचा असला की भाषाही दोन-तीन येतात आणि फाइली मात्र सात-आठ येतात. त्यावर पुढं बोलते.

गोष्ट अशी: तेलुगू नर्स, तिकडच्या एका गावात एका म्हाताऱ्याची देखभाल करायला गेलेली. म्हाताऱ्याचा नातू. आईशी फोनवर तेलुगू, कामाच्या एजन्सीशी इंग्रजी, म्हाताऱ्याशी मोडकं इटालियन. पहिल्यांदा बघून झालं तेव्हा माझ्या वहीत असं दिसलं की पहिला पाऊण तास ती नातवाशी फक्त इंग्रजीत बोलते. ना त्याची भाषा, ना तिची. मग एका भांडणात ती एकदम तेलुगूत सुटते. त्याला एक अक्षर कळत नाही आणि तो पहिल्यांदाच गप्प बसून ऐकतो. इंग्रजी फाइलमध्ये त्या भांडणाचं एकेक वाक्य दिलेलं होतं. मी मेल टाकून विचारलं, इटलीत दाखवलेल्या प्रतीत या ठिकाणी इटालियन सबटायटल आहे का? उत्तर आलं, नाही, मुद्दाम ठेवलेलं नाही, प्रेक्षकालाही त्याच्याइतकंच कळायला हवं.

तेव्हा हे विचाराच. प्रत्येक परक्या वाक्याला सबटायटल द्यायचंच असं नसतं. जिथं पात्राला कळत नाही तिथं प्रेक्षकाला कळू द्यायचं का, हे दिग्दर्शकानं ठरवलेलं असतं. इंग्रजी फाइल करणाऱ्यानं ते कदाचित कोणाला विचारलेलंही नसेल. मी ती जागा कोरी सोडली. सोलापुरात अर्ध्या थिएटरला ते सबटायटलशिवायच कळणार, त्याला माझा इलाज नाही.

मूळ भाषेतली संवादांची यादी मागून घ्या. तिला डायलॉग लिस्ट म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा असते, कारण परदेशी वितरकाला ती द्यावीच लागते. इटालियन येत नसेल तर निदान लिपी वाचून, यंत्राकडून कच्चा अर्थ काढून, मग जाणकाराला नेमके प्रश्न विचारता येतात. ‘हे वाक्य काय आहे’ असं विचारू नका. ‘इथं तो तिला तू म्हणतोय की तुम्ही’ असं विचारा. जाणकार माणसाला नेमक्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आवडतं. सगळा सिनेमा समजावून सांगायला कोणालाच वेळ नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं.

अहो आणि अरे

इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठी प्रेक्षकाला मात्र पहिल्या ओळीपासून ठरवून द्यावं लागतं की हे दोघं एकमेकांना अहो-जाहो करतात की अरे-तुरे. आणि एकदा दिलं की मध्येच बदलून चालत नाही, बदललं तर तो प्रसंगच होतो. त्यामुळं सिनेमाभर दोघांच्या नात्याचा एक नकाशा काढून ठेवा: कोणत्या मिनिटाला कोण कोणाला काय म्हणतं.

इटालियनमध्ये आदरार्थी ‘लेइ’ आणि जवळिकीचं ‘तू’. हो, उच्चार आपल्यासारखाच, ‘तू’. हे फार कामाचं आहे आणि तितकंच धोक्याचं. मराठी माणसाला पडद्यावरून सरळ ‘तू’ ऐकू येतं आणि तुम्ही खाली ‘तुम्ही’ लिहिलं असेल तर तिसऱ्या रांगेतलं पोरगंही म्हणतं, अबे, तू म्हणाला की तो. आमच्या सिनेमात एका तासानंतर नातू तिला विचारतो की आपण आता एकमेकांना ‘तू’ म्हणायचं का. इटालियनमध्ये या विचारण्याला ठरलेला वाक्प्रचारच आहे. इंग्रजी फाइलमध्ये काय होतं? ‘इतकं औपचारिक राहायची गरज नाही.’ ऑफिसातल्या सूचनेसारखं. मराठीत या जागी हातपाय हलवायची गरजच नव्हती: ‘आता अहो-जाहो पुरे करू या?’ आपल्या भाषेत ते तयारच आहे. इंग्रजीवरून मराठी केलं असतं तर जवळचं सोडून लांबचं आणलं असतं.

पण पुढं गाठ पडली. ती त्याला इटालियनमध्ये ‘तू’ म्हणायला लागते, आणि त्याच आठवड्यात त्याला तेलुगू शिकवताना ‘मीरु’ म्हणते, म्हणजे तुम्ही. तेलुगूत ‘नुव्वु’ म्हणजे तू. ते ती म्हणत नाही. तिची आई तिच्या वडलांना ‘मीरु’ म्हणते हे आपण फोनवर दोनदा ऐकलेलं असतं. मी इटालियन वाक्याखाली ‘तू’ आणि तेलुगू वाक्याखाली ‘तुम्ही’ ठेवलं. तपासणाऱ्यानं लाल शेरा मारला: एकाच माणसाला तू आणि तुम्ही, सुसंगती राखा. मी सुसंगती राखली नाही. तपासणाऱ्याला पत्र लिहिलं की ही मुलगी एका भाषेत मैत्रीण आहे आणि दुसऱ्या भाषेत मनातल्या मनात बायको झालेली आहे, आणि त्याला यातलं काही कळलेलं नाही. शेरा निघाला.

असे शेरे येणारच. प्रत्येकासाठी मिनिट, सेकंद आणि दोन वाक्यांत कारण लिहून ठेवायची सवय लावा. तीन महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही आपण असं का केलं.

सरावासाठी एक सिनेमा सांगते. रोहेना गेरा यांचा २०१८ चा ‘सर’, भारत-फ्रान्स सहनिर्मिती. हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्ही त्यात बोललं जातं. नायिका मराठी खेड्यातून मुंबईत घरकामाला आलेली, आणि मालक तरुण. वही घेऊन बसा आणि फक्त एवढंच टिपा: कोण कोणत्या भाषेत बोलतं, आणि ती त्याला काय म्हणून हाक मारते. शेवट सांगत नाही.

आम्ही आणि आपण

हे माझं सगळ्यात आवडतं, म्हणून जरा रेंगाळते.

मराठीत ‘आम्ही’ म्हणजे तुला सोडून, ‘आपण’ म्हणजे तुला धरून. तेलुगूतही अगदी तसंच आहे: ‘मेमु’ आणि ‘मनम’. इंग्रजीत नाही, इटालियनमध्ये नाही. कन्नडमध्येही दोन्हीला ‘नावु’च म्हणतात, म्हणून आमच्या शेजारच्या काकू मराठी बोलताना ‘आपण उद्या अक्कलकोटला जाणार’ म्हणायच्या आणि मी तयार होऊन त्यांच्या दारात उभी राहायची. त्यांना म्हणायचं असायचं ‘आम्ही’.

आमच्या नर्सबाई सिनेमाभर आईशी फोनवर ‘मेमु’ म्हणतात. मेमु आज बाहेर गेलो होतो, मेमु बाजारातून आलो. म्हणजे मी आणि ही इथली माणसं, आई तू त्यात नाहीस. नातवाशी तेलुगूत बोलताना तर ती ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही टाळते, सगळं ‘मी’ वर चालवते. आणि मग शेवटून दुसऱ्या प्रसंगात, गाडीत, बाहेर पाऊस, ती त्याच्याकडं न बघता म्हणते, ‘मनम एप्पुडु वेळ्दाम?’ इंग्रजी सबटायटल: ‘आपण कधी निघायचं’ या अर्थाचं, तीन-चार शब्दांचं, साधं, प्रवासाचं वाक्य. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं ही घड्याळ विचारतेय.

मराठीत ‘आपण कधी जायचं?’ एवढंच लिहिलं. जास्तीचं काही नाही. पण त्यासाठी मला सिनेमाच्या सुरुवातीपासून काळजी घ्यावी लागली की त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडी ‘आपण’ कुठंही चुकूनसुद्धा येता कामा नये. मराठीत ‘आपण’ फार सहज येतं. ‘आपण चहा घेऊ’, ‘आपलं काय ठरलं होतं’, ‘आपलं काम झालं’. मी फाइलमध्ये ‘आप’ ही दोन अक्षरं शोधाला लावली आणि सत्तावीस जागी कापली. ‘आपण चहा घेऊ’चं ‘चहा घ्यायचा का?’ झालं. सबटायटलमध्ये एखादा शब्द वजनाचा करायचा असेल तर तो आधी दीड तास वापरायचा नाही, याशिवाय दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

प्रेम, जीव आणि बावा

इटालियनमध्ये ‘ती व्होल्यो बेने’ आणि ‘ती आमो’ अशी दोन वाक्यं आहेत. दुसरं फक्त प्रियकर-प्रेयसीचं. पहिलं आईला, मित्राला, आजोबांना, आणि प्रेयसीलाही चालतं. इंग्रजी फाइलमध्ये दोन्हीला तेच एक वाक्य, जे आता सोलापुरातला रिक्षावालाही मागच्या काचेवर लिहितो. म्हातारा नर्सला ‘ती व्होल्यो बेने’ म्हणतो. इंग्रजीवरून केलेल्या मराठीत म्हातारा तिला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणाला असता आणि सिनेमा भलतीकडंच गेला असता. मी लिहिलं, ‘फार जीव आहे गं पोरी तुझ्यावर.’ तेलुगूत ती नातवाला पहिल्यांदा म्हणते ‘नुव्वंटे नाकु इष्टम’. एवढ्या एका जागी ‘नुव्वु’ येतं. त्याचं ‘तू मला आवडतोस’ पुरतं. ‘प्रेम’ हा शब्द मराठी सबटायटल्समध्ये मी एकदाच वापरला, त्याच्या ‘ती आमो’ला.

नात्याच्या शब्दांना तर हातमोजे घालून हात लावा. तिच्या गावचा एक मुलगा फोनवर येतो आणि ती त्याला ‘बावा’ म्हणते. इंग्रजी फाइल म्हणते ‘कझिन’. माझ्याआधी कोणीतरी या सिनेमाचा मराठी ट्रेलर केला होता, त्यात ‘भाऊ’ लिहिलेलं होतं. अरे देवा. तेलुगूत बावा म्हणजे आतेभाऊ-मामेभाऊ, बहिणीचा नवरा, आणि मुख्य म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकतं तो. घरच्यांनी तिचं ठरवलेलं स्थळ आहे ते! ‘भाऊ’ लिहिलं की प्रेक्षक निवांत होतो, आणि इथं त्यानं अस्वस्थ व्हायला हवं. ‘बावा’ तसंच ठेवावं तर मराठीत ‘अरे बावा’ होतं. मी ‘आत्याचा मुलगा’ लिहिलं. आत्याच्या मुलाचं नातं मराठी घरांना समजावून सांगावं लागत नाही.

निरोपाचं एक. ती तेलुगूत फोन ठेवताना ‘वेळ्ळोस्ता’ म्हणते, म्हणजे जाऊन येते. कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’, तेच. आपण मराठीत ‘येते’ म्हणतो, ‘जाते’ म्हटलं की आई डोळे वटारते. इंग्रजी ‘बाय’चं मराठी ‘बाय’ करून पुढं जाऊ नका. कारण विमानतळावर ती पहिल्यांदा ‘येते’ म्हणत नाही, नुसती वळते. आधी चार वेळा ‘येते’ दिलं असेल तरच ते न म्हटल्याचं कळतं.

बोली वापरायची का? मला मोह झाला होता. तेलुगू संवाद सगळे सोलापुरी मराठीत करावेत, ‘काय करलालीस’, ‘कधी येलालीस’, आणि इटालियन संवाद पुस्तकी मराठीत. पहिली वीस मिनिटं करूनही बघितली. कुंभारीच्या विडी घरकुलात आई राहते, तिला दाखवली. ती अशी हसली की विडीचं सूप मांडीवरून घसरलं, आणि प्रसंग होता वडलांच्या आजारपणाचा. ती मुलगी सोलापूरची नाही, तिला सोलापूरची करण्याचा मला अधिकार नाही. काढून टाकलं. वाईट वाटलं, ती वीस मिनिटं अजून ठेवली आहेत.

मोडकी भाषा मात्र मोडकीच द्या. नातू तेलुगू शिकतो, चुका करतो. खाली शुद्ध मराठी लिहिली तर तिला हसू का येतं ते कळत नाही. एका वाक्यात एकच चूक, तीही लिंगाची, म्हणजे वाचताना अर्थ अडत नाही: ‘तुझी घर फार लांब आहे.’ दोन चुका केल्या की विनोदी पात्र होतं. आणि सिनेमाच्या शेवटाकडं चुका कमी करत न्या. आमचे आजोबा साठ वर्षं सोलापुरात राहून ‘ती माग बंद पडली’ म्हणायचे, कारण तेलुगूत बाईलाही ‘अदि’ आणि वस्तूलाही ‘अदि’. त्यांच्याइतकी खरी चुकीची मराठी मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नसती.

‘नाही’ कुठं ठेवायचं

माझी फजिती सांगते. मराठीत नकार शेवटी येतो. इटालियनमध्ये आधी येतो, ‘नॉन’ म्हणूनच माणूस तोंड उघडतो. एका जुन्या कामात नायिका म्हणते की मी तुझ्याशी लग्न करणार नाही. वाक्य लांब होतं, मी दोन सबटायटल्समध्ये तोडलं. पहिल्यात आलं: ‘मी तुझ्याशी लग्न करणार’. कट. नायकाचा पडलेला चेहरा. दुसऱ्यात: ‘नाही, आणि हे तुलाही माहीत आहे’. गावातल्या एका सभागृहात प्रयोग होता, मी मागं उभी. पहिल्या ओळीला टाळ्या पडल्या. मग हशा. नायिका रडत होती.

तेव्हापासून नकार पुढं घेते: ‘नाही करायचं मला लग्न.’ मराठीला ते चालतं, रागात आपण तसंच बोलतो. ओळ तोडतानाही शब्द आणि त्याचं शेपूट वेगळं करू नका. क्रियापद आणि ‘नाही’ एकाच ओळीत बसले पाहिजेत. कट येण्याआधी सबटायटल उतरलं तर उत्तम, नाहीतर डोळा तीच ओळ पुन्हा वाचायला जातो.

दोन ओळी, त्याहून जास्त कधीच नाही. एक सबटायटल सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि सेकंदाच्या आत उडवू नका. सबटायटल एडिट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची लाट दिसते, तिच्या सुरुवातीला ओळ चिकटवायची. ते सॉफ्टवेअर दर सेकंदाला किती अक्षरं होतात हेही मोजतं आणि जास्त झाली की ओळ लाल करतं. पण त्याची मोजणी देवनागरीला अन्याय करते. ‘स्त्रियांनी’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, पण संगणक त्यातली प्रत्येक मात्रा, अनुस्वार, हलन्त वेगळं मोजतो आणि ११ धरतो. त्यामुळं लाल दिसलं की घाबरून मजकूर कापू नका. माणसावर तपासा.

माझं माणूस म्हणजे आई. तेलुगू माध्यमाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, मराठी वाचते पण ओठ हलवत. तिला समोर बसवते, आवाज बंद करते, आणि ती ओळ पुरी करते का ते बघते. हात विड्या वळत असतात, मान वर. ओठ मध्येच थांबले की ती ओळ लांब आहे. सारखी वाचणारी, इंग्रजी शाळेत गेलेली भाची तपासायला घेतली तर सगळंच पास होतं, उपयोग शून्य. गाडीतल्या त्या ओळीला, ‘आपण कधी जायचं?’ ला, आईचे हात थांबले. म्हणाली, ‘मग बावाचं काय?’ मी काही बोलले नाही. पुढच्या प्रसंगात तेच होतं.

फाइलींचा घोळ

आता ते सात-आठ प्रतींचं. सहनिर्मितीत महोत्सवाची प्रत वेगळी, तिकडच्या टीव्हीची वेगळी, आपल्या थिएटरची वेगळी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे फ्रेम्सनी, चालतो, युरोपातल्या टीव्हीची प्रत २५ नं. बघताना फरक कळत नाही. पण २५ च्या प्रतीवर केलेली सबटायटल्स २४ च्या प्रतीवर लावली की पहिलं वाक्य बरोबर, दहा मिनिटांनी २४ सेकंद आधी, आणि दोन तासांच्या सिनेमाच्या शेवटी जवळजवळ पाच मिनिटं आधी. प्रेक्षकाला कळतं की मुलगी हो म्हणणार, मुलीला अजून विचारलेलंही नसतं. माझ्यावर हे एकदा आलंय, आदल्या रात्री साडेअकराला. सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा दर बदलायची सोय असते, दोन मिनिटांचं काम, पण ते माहीत नसल्यामुळं मी पहाटेपर्यंत एकेक ओळ हातानं सरकवत बसले होते. म्हणून पहिल्याच मेलमध्ये विचारा: ही प्रत किती चौकटींची, अंतिम आहे का, आणि यात आणखी कापाकापी होणार का. उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘फायनलच आहे हो’ धरू नका.

फाइल साठवताना यूटीएफ-८ हा देवनागरी सांभाळणारा पर्याय निवडा, नाहीतर तिकडं सगळी प्रश्नचिन्हं पोचतात. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर चालत नाही, युनिकोडच हवं; आम्हा पत्रिकावाल्यांना ही सवय मोडायला वर्ष लागतं. टाइमकोडमधले, म्हणजे ओळ कधी दिसायची त्या वेळेचे, आकडे इंग्रजीच ठेवा, मी एकदा ‘सगळे आकडे मराठी करा’ असं शोध-बदल मारलं आणि फाइल उघडायचीच बंद झाली. तिरपं अक्षर टाळा. रोमनमध्ये ते नाजूक दिसतं, देवनागरीत मात्रा एकमेकांवर पडल्यासारख्या दिसतात. भाषा बदलली हे दाखवायला रंग द्यावेत का? प्रेमाच्या सिनेमात नको. क्रिकेटच्या धावफलकासारखं दिसतं.

आणि सिगारेट. आपल्याकडं पडद्यावर कोणी ओढत असेल तोवर खाली इशारा लावावा लागतो, आणि तो नेमका सबटायटलच्या जागेवर बसतो. म्हातारा दर दुसऱ्या प्रसंगात ओढतो. त्या सगळ्या ओळी वर उचलाव्या लागल्या, एकेक शोधून. आई विड्या वळते आणि मी इशाऱ्याच्या डोक्यावर संवाद बसवते, असं आमचं घर.

मला कधीकधी वाटतं ही सगळी उठाठेव नवीन नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, १९४१ मध्ये गुओ छिंगलान या नर्सशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ, ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. सहनिर्मितीच म्हणायची. १९४२ च्या डिसेंबरमध्ये डॉक्टर गेले, वय ३२. चार वर्षांनी शांतारामबापूंनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला, स्वतः डॉक्टर झाले, जयश्रीबाई चिनी नर्स झाल्या. तिथं तीही हिंदीच बोलते. त्या काळी तोच मार्ग होता, सगळ्यांना एका भाषेत आणून बसवायचं. पण स्मारकावरून जाताना मला हटकून प्रश्न पडतो: ते दोघं घरात भांडायचे कोणत्या भाषेत? ती वही कोणीतरी ठेवायला हवी होती.

शेवटची कामं पटकन. मानधन सिनेमाच्या मिनिटांवर ठरवा, ओळींवर नको, नाहीतर बडबड्या सिनेमात चांदी आणि मुक्या सिनेमात उपास. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरा, तिसरीचे पैसे वेगळे, हे आधी लिहा. फाइलच्या नावात तारीख टाका. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ असली नावं दुकानात ठीक, इथं नकोत. श्रेयनामावलीत आपलं नाव येणार का ते विचारा. बहुतेक वेळा सिनेमात जागा उरलेली नसते, मग आपल्याच फाइलमध्ये शेवटचं सबटायटल म्हणून ते टाकायची परवानगी मागा. मिळते.

मी माझं दोन सेकंद ठेवलं होतं. आई ओठ हलवत वाचत होती, आडनावावर पोचायच्या आत पडदा काळा झाला. मोजलं तर तिला सव्वाचार लागत होते. पाच केले.